व्हेनिसचं ‘मोझे’ आणि बॅसिलिकाची काच: पैसे वसूल झाले का?

मोझे म्हणजे भरतीचं पाणी व्हेनिसमध्ये शिरू नये म्हणून उभारलेली दरवाजांची यंत्रणा. तिचा आणि सान मार्को या जुन्या चर्चभोवती लावलेल्या काचेचा निकाल आधीच सांगतो. मोझेला शहरासाठी पाचपैकी चार गुण, सान मार्को बॅसिलिकासाठी दोन. बॅसिलिकाभोवतीच्या काचेच्या कुंपणाला साडेचार. साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास गेलेल्या यंत्रणेपेक्षा एका कुंपणाला जास्त गुण का, हे कळायला तिथली मोजपट्टी आधी समजून घ्यावी लागते.

व्हेनिसमध्ये भरतीची उंची 1897 सालच्या शून्यापासून मोजतात. त्यानंतर जमीन खचली, समुद्र चढला. आजची सरासरी पातळीच त्या शून्याच्या तीसेक सेंटिमीटर वर आहे. म्हणजे ‘110ची भरती’ (आकडे सेंटिमीटरमध्ये) आजच्या समुद्रावर जेमतेम 80 भरते. 110ला शहराचा सुमारे 12 टक्के भाग पाण्यात जातो. 140ला निम्म्याहून जास्त. बॅसिलिकाची ओसरी, म्हणजे नार्तेक्स, मात्र 65च्या आसपासच भिजू लागते. आणि मोझेचे दरवाजे उठतात ते 110चा अंदाज आला तरच. हिवाळ्यात वरचेवर येणाऱ्या 80-90-100च्या भरत्या मोझेच्या खातीच नाहीत.

यंत्रणा म्हणून मोझे देखणी आहे, अर्थात दिसत नाही म्हणूनच. खाजणाला समुद्राशी जोडणारी तीन मुखं आहेत: लिदो, मालामोक्को, क्योज्जा. तिथे तळाशी एकूण 78 पोकळ पोलादी दरवाजे पाणी भरून निजवलेले असतात. प्रत्येकाची रुंदी 20 मीटर, प्रत्येकाला दोन बिजागऱ्या. आत दाबाची हवा सोडली की पाणी बाहेर पडतं, दरवाजा हलका होतो आणि तिरका उभा राहतो. उठायला अर्धा तास, परत निजायला साधारण पाव तास. दोन दरवाजांच्या फटींतून थोडं पाणी आत झिरपतं. ते हिशेबात धरलेलंच आहे. रचना तीन मीटरच्या भरतीसाठी आणि 60 सेंटिमीटर समुद्रवाढीसाठी आहे. त्यापुढे काय, याचं उत्तर या वस्तूसोबत येत नाही.

काम 2003ला सुरू झालं. मधे 2014ला लाचखोरीत तेव्हाच्या महापौरांसह अनेकांना अटक झाली, आणि खऱ्या भरतीसमोर पहिला वापर झाला 3 ऑक्टोबर 2020ला. तोवर 12 नोव्हेंबर 2019ची 187ची भरती शहराला बुडवून गेली होती. 1966च्या 194नंतरची ती सर्वांत मोठी. खरी परीक्षा 22 नोव्हेंबर 2022ला झाली. बाहेर समुद्रात 170च्या वर पाणी असताना शहर कोरडं राहिलं. चार गुण त्याचेच.

एक गुण कापला तो अंदाजासाठी. 8 डिसेंबर 2020ला अंदाज तेव्हाच्या 130च्या मर्यादेत होता, दरवाजे उठवले नाहीत, पाणी 138वर पोचलं आणि बॅसिलिका पुन्हा भिजली. वारा ऐनवेळी जोर धरतो, हीच इथली मेख: दक्षिणेकडचा सिरोक्को समुद्राचं पाणी मुखांकडे लोटतो. दुसरं दुखणं देखभालीचं. तळाशी दरवाजांच्या खोबणींत गाळ साचला की दरवाजा पुरता खाली बसत नाही. शिणाणे आणि कालवं चिकटून वजन वाढतं. बिजागऱ्यांना गंज चढतो. म्हणून दरवाजे पाळीपाळीने काढून, खरवडून, रंगवून परत बसवावे लागतात. एकदा उठवायचा खर्च दोन-तीन लाख युरो, शिवाय बंदरातली जहाजं खोळंबतात. मर्यादा 110वरून खाली आणायची कुणाची हिंमत होत नाही, ती यामुळे.

आता काच. 2022च्या नोव्हेंबरात बॅसिलिकाभोवती पारदर्शक तावदानांची भिंत पुरी झाली. 110पर्यंतचं पाणी ती अडवते, त्यावरचं मोझे. जोडी इतकी अचूक जुळते की हे आधी का सुचलं नाही, असं वाटतं. पण नुसती काच लावून काम भागलं नसतं. सान मार्को चौकात पाणी काठावरून येण्याआधी जुन्या भूमिगत नाल्यांतून उलटं वर येतं. नार्तेक्सखालच्या नाल्यांना झडपा बसवून 88पर्यंतचा बंदोबस्त आधीच केला होता. काच त्याच्या पुढची पायरी. काचेमुळे दर्शनी भागाची शोभा गेली अशी तक्रार ऐकू येते. येऊ द्या. 1063ला बांधायला घेतलेल्या इमारतीच्या संगमरवरी फरशीपेक्षा फोटो महत्त्वाचा नाही.

अर्धा गुण कापला, कारण आत शिरलेल्या मिठावर काचेचा इलाज नाही. जुन्या कारागिरांनी जोत्याला जवळच्या इस्त्रिया भागातला घट्ट दगड वापरला, तो पाणी फारसं शोषत नाही. समुद्र चढल्यावर पाणी त्या दगडाच्या वर विटांना लागलं, आणि विटा ते स्पंजासारखं वर ओढतात. वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात, गिलावा आणि मोझेइकचे तुकडे सुटतात. कोकणात भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार. 29 ऑक्टोबर 2018च्या 156च्या भरतीनंतर बॅसिलिकाचे व्यवस्थापक म्हणाले होते, इमारत एका दिवसात वीस वर्षांनी म्हातारी झाली. भिंतीतलं मीठ काढायचं तर खराब विटा थोड्या थोड्या उपसून नव्या बसवत जायचं. व्हेनिसचे गवंडी याला ‘स्कुची-कुची’ म्हणतात, उसवणं-शिवणं. सिमेंटचा गिलावा मात्र चुकूनही नको: ओल कोंडते आणि आणखी वर चढते.

नोव्हेंबर-डिसेंबरात जाणाऱ्यांनी महापालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज आदल्या रात्री बघावा. भोंग्याचा एक सूर म्हणजे 110, दोन म्हणजे 120, तीन 130, चार 140 किंवा जास्त. 110च्या आतला अंदाज असेल तर दरवाजे उठणार नाहीत, चौकात पाणी असू शकतं: गमबूट जवळ ठेवा आणि फळ्यांच्या पायवाटेवर थांबून फोटो काढू नका, मागे रांग असते.