बर्लिनचं पाणी: वानझे की म्युगलझे?

आईबाबा भारतातून आलेत, एक रविवार पाण्यावर काढायचाय, मग पश्चिमेचं वानझे तळं की पूर्वेचं म्युगलझे? दोन्हीकडे ट्रेन-बसचं नेहमीचं एबी झोनचं तिकीट चालतं म्हणजे पैशाचा प्रश्न नाहीच, प्रश्न एवढाच की नुसतं बसायचंय की स्वतः वल्हं मारायचंय.

बसायचं असेल तर डोळे झाकून वानझे. एस1 किंवा एस7 लोकलने उतरा, थोडं खाली चाललं की धक्का, तिथून एफ10 फेरी क्लाडोला नेते, साधारण 20 मिनिटं, त्याच तिकिटात आणि बाराही महिने. तळं म्हणतात पण ते हाफेल नदीचंच फुगलेलं पोट आहे, म्हणून पॉट्सडामपर्यंत सलग पाणी आणि टुरिस्ट बोटींची वर्दळ. बाबांनी वरच्या डेकवर भडंगाचा डबा उघडला आणि वाऱ्याने निम्मे चुरमुरे शेजारच्या जर्मन आजींच्या मांडीत, त्यांनी एक खाऊनही बघितला! ऊन असेल तर दुपारी फेरीला ही रांग लागते, सकाळचीच गाठा.

म्युगलझे बर्लिनमधलं सगळ्यात मोठं तळं, 7 चौरस किलोमीटरच्या वर, श्प्रे नदी त्यातून आरपार जाते. पण खरं सांगू का, मोठ्या पाण्यात कयाक घालूच नका, वारा सुटला की लाटा थेट मांडीवर येतात आणि किनारा काही जवळ येत नाही. मजा आहे ती पलीकडे रान्सडोर्फला, नॉय-वेनेडिगच्या कालव्यांत. घरांच्या मागून पाणी, आपल्याकडे दारात स्कूटर असते तशी प्रत्येकाची होडी बांधलेली, कोणीतरी गवत कापतंय आणि आपण त्याच्या परसातून हळूच चाललोय. तिथून डेमेरिट्झझे, गोझेनचा कालवा, डामे नदी, क्योपेनिक असा गोल फेरा मारून परत म्युगलझेला येता येतं, पण निवांत वल्हवणाऱ्यांनी तो एका दिवसात धरू नये. 15 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर) पर्यंतची मोटरबोट मोठ्या पाण्यावर लायसन्सशिवाय चालवता येते, फक्त भाड्याने घेताना चारी बाजूंनी फोटो काढा, आमचं डिपॉझिट आधीच्याच ओरखड्यापायी कापलं गेलं.

म्युगलझेकाठच्या फ्रीडरिशहागनला श्प्रेखालून चालत जायचा 1927 चा बोगदा आहे, पण जिने आहेत, गुडघे बघून ठरवा. त्यापेक्षा सीझनमध्ये शनिवार-रविवारी रान्सडोर्फची एफ24 फेरी गाठा, जेमतेम 36 मीटरची नदी आणि नावाडी हाताने वल्हवतो. आई मालवणची, बसल्या बसल्या म्हणाली, अरे ही तर आपली नदी ओलांडायची 'तर'च की, फक्त तिकीट मशीनमधून काढायचं.