दोघांचा टेंट आणि सॅक कुठे ठेवायची

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सह्याद्रीत टेंट लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: पाऊस नव्हता, तरी सकाळी आतून सगळं ओलं, टेंट गळका निघाला. बहुतेक वेळा टेंट गळत नसतो. झोपलेल्या दोघांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. निरभ्र रात्री वरचं कापड, म्हणजे फ्लाय, आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं आणि ती वाफ त्याला आतून थेंबाथेंबाने चिकटते. म्हणून छोटा टेंट घेताना वॉटरप्रूफचा आकडा, म्हणजे कापड किती मिमी पाण्याचा दाब झेलतं तो, नंतर. आधी हवा कुठून शिरते आणि कुठून निघते ते पाहा. सॅक कुठे ठेवायची हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे, कारण एवढ्याशा जागेत सॅक बरोबर हवेच्या वाटेवर येऊन बसते.

हे नेचरहाइक कंपनीच्या क्लाउड अप २ या टेंटमध्ये नीट दिसतं. दार एका टोकाला, डोक्याकडे. छत तिथे साधारण १०० सेंमी उंच आणि पायांकडे उतरत गेलेलं. आतली जागा २१० गुणिले १२५ सेंमी. ५१ सेंमी रुंदीच्या दोन मॅट घातल्या की २३ सेंमी उरतात. फोमच्या ६० सेंमीच्या दोन गुंडाळी मॅट घातल्या तर ५. म्हणजे सॅक आत नाहीच. मग ती दारापुढच्या ओसरीत जाते. या ओसरीला दुकानात व्हेस्टिब्यूल म्हणतात. तिची खोली ६० सेंमीच्या आत-बाहेर. ५० लिटरच्या दोन सॅक तिथे आडव्या टाकल्या की खालून आत येणारी हवा अडली, आणि रात्री उठायचं तर आधी सॅक ओढा, मग बूट शोधा. एका माणसाला, एका सॅकसह, हा टेंट उत्तम आहे: हलका, आटोपशीर, सॅक आत पायाशी. दोघांसाठी घेत असाल तर ही घडण टाळा.

दोघांना सोयीची घडण म्हणजे लांबीच्या दोन्ही बाजूंना दोन दारं आणि प्रत्येक दाराला आपली ओसरी. एमएसआर कंपनीचा हबा हबा हा टेंट तसा आहे. तळ २१३ गुणिले १२७ सेंमी, म्हणजे आतली जागा क्लाउड अपएवढीच. फरक पडतो तो बाहेर. ज्याची सॅक त्याच्या कुशीला राहते, कुणी कुणाला ओलांडत नाही, आणि दोन्ही दारांची वरची चेन वीतभर उघडी ठेवली की वारा आरपार जातो. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. नेचरहाइकचा मोंगार २ याच घडणीचा असून बराच स्वस्त पडतो. वजन क्लाउड अपपेक्षा साधारण अर्धा किलो जास्त. दोघांत वाटून घेतलं तर ते जड नाही. एकाने इनर, म्हणजे फ्लायच्या आतला झोपायचा पदर, आणि पोल, दुसऱ्याने फ्लाय आणि खुंट्या.

दुकानात टेंट उभा करून दाखवायला सांगा आणि पुढच्या गोष्टी हाताने तपासा. फ्लाय आणि इनर यांच्यात सगळीकडे वीतभर, निदान चार बोटं तरी अंतर हवं. पायांकडच्या उतारावर ते हमखास कमी असतं आणि स्लीपिंग बॅगचा शेवट तिथेच भिजतो. फ्लायची खालची कड जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर हवी. अगदी जमिनीला टेकणारी फ्लाय बर्फाळ प्रदेशासाठी असते, आपल्याकडे ती कोंडते. वर हवेची झडप असावी आणि ती उघडी धरायला आत ताठ काडी असावी, नाहीतर वाऱ्याने ती मिटूनच राहते. नुसती वरची झडप पुरत नाही. खालून गार हवा शिरली तरच दमट हवा वरून निघते. ओसरीची चेन दोन सरकांची घ्या, म्हणजे खालून बंद ठेवून वरून उघडता येते.

इनर पूर्ण जाळीचा की अर्धा कापडाचा? कोकण किनाऱ्याला आणि मार्च ते मेमध्ये पूर्ण जाळी. हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईसारख्या उंचीवर हिवाळ्यात खाली अर्धं कापड आणि वर जाळी बरी, कारण फ्लायच्या खालून घुसणारा वारा धूळ आणि वाळलं गवत थेट तोंडावर आणतो.

कापडाबद्दल एक गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली फ्लाय मध्यरात्री इनरला टेकते आणि सगळं पाणी आत झिरपतं. झोपण्यापूर्वी दोर पुन्हा ओढले तर हे टळतं. पॉलिएस्टर असं सैलावत नाही, उन्हातही जास्त टिकतं. दोन-तीनशे ग्रॅम वजन सोसत असेल तर त्याच टेंटची स्वस्त पॉलिएस्टर आवृत्ती घेण्यात कमीपणा नाही. वॉटरप्रूफचा आकडाच बघायचा तर फ्लायला १५०० आणि तळाला ३००० मिमी पुरे; शिवणींवर आतून टेप आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

कातळावर खुंटी शिरत नाही, ही आपल्या पठारांची खरी अडचण. दोन पोलांचा घुमट नुसता उभा राहतो, पण ओसरी ताणल्याशिवाय उभी राहत नाही, आणि ती पडली की हवा आणि सामान दोन्हींची सोय गेली. प्रत्येक दोराला दीड मीटरची जादा दोरी बांधून ठेवा. खुंटी फासात आडवी घालायची, तिच्यापुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, डोक्याएवढा दगड ठेवायचा. ताण आला की खुंटी दगडाला अडते. दोर थेट दगडाला गुंडाळला तर धारेवर घासून तुटतो.

आतले कप्पे डोक्याकडे असावेत: टॉर्च, चष्मा, फोन. छताला टांगायची सामानाची जाळी देतात, ती घरीच ठेवा. वरची जाळी तीच झाकते, आणि तिच्यावर ओले मोजे वाळत घातले की आणखी वाफ. बूट ओसरीत, पिशवीत तोंड बांधून. तरी सकाळी झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचवाला ती जागा आवडते. खाऊ स्टीलच्या डब्यात, नाहीतर उंदीर तळ कुरतडून आत येतात. स्टोव्ह ओसरीत कधीच नाही: कापड भडकतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

दीड-दोन हजारांत मिळणारा एकपदरी घुमट, डोक्यावर टोपीएवढी फ्लाय असलेला, मार्चमध्ये झाडाखाली एका रात्रीला चालतो. पवना धरणाच्या काठावर जानेवारीत नाही. पाण्याजवळ हवा दमट, आणि रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन तिथेच साचते. काठापासून थोडं वर, झाडाच्या आडोशाला सरकलं तर कुठलाही टेंट कमी भिजतो. उरलेलं पाणी पुसायला एक फडकं दाराजवळच्या कप्प्यात ठेवा, आणि घरी आल्यावर टेंट पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका. ओला ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो.