सहा फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिड: १४ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी बसवली. या महिन्यात तिला १४ महिने झाले. आज तिच्यात २४ मासे आहेत आणि गेल्या पाच महिन्यांत एकही मोठा मासा मेलेला नाही. त्याआधी मात्र सहा मासे मेले आणि नऊ देऊन टाकावे लागले. मासे सगळे धडधाकट होते. मीच त्यांची जोड चुकीची लावली होती. मोठी टाकी घेऊन तिच्यात सिक्लिड (गोड्या पाण्यातल्या माशांचं एक कुळ) ठेवायचा विचार करणाऱ्याला ही किंमत मोजावी लागू नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी टाकीचं थोडक्यात सांगतो. बाहेरच्या मापाने ६८० लिटर, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर साडेपाचशेच्या आसपास पाणी. काच १२ मिलिमीटर. नुसती काचच सव्वाशे किलोच्या घरात जाते, पाणी-दगड धरून एक टनाला टेकतं. त्यामुळे टाकी तळमजल्यावर, भिंतीला लागून ठेवली. स्टँड उद्यमनगरात चौकोनी पाइपचा करून घेतला आणि वर प्लायवूड, त्यावर थर्माकोल. याबद्दल १४ महिन्यांत एकही तक्रार नाही. फिल्टरसाठी खाली सम्प, म्हणजे पाणी गाळणारी वेगळी छोटी टाकी आहे. दगड आपलेच, काळा बेसाल्ट. तो पाण्यात काही सोडत नाही, आणि पिवळे-निळे मासे त्याच्यापुढे असे उठून दिसतात की विकतचे रंगीत दगड घ्यायची इच्छाच होत नाही.

आता माशांकडे येतो. टाकीत मासे न टाकता सहा आठवडे नुसता फिल्टर चालवला. माशांना विषारी असणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावरच दुकानात गेलो. तिथवर सगळं नीट होतं. दुकानात 'आफ्रिकन मिक्स' नावाची एक टाकी होती. दीड-दोन इंची पिल्लं, कुठलंही उचला, एकच भाव. पिवळी, निळी, पट्ट्यांची, ठिपक्यांची. मी रंग बघून २२ उचलली. दुकानदार म्हणाला, "सगळे एकाच तळ्यातले आहेत, एकत्र राहतात." एकाच तळ्यातले, हे खरंच होतं. पण पूर्व आफ्रिकेतलं हे मलावी तळं ५५० किलोमीटरपेक्षा लांब आणि ७०० मीटर खोल आहे, आणि त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत. कुणी खडकावरचं शेवाळ खरवडून जगतो, कुणी वाळूतले किडे टिपतो, कुणी दुसऱ्यांची पिल्लं गिळतो. एका तळ्यातले म्हणून एका टाकीत घालणं म्हणजे एका जिल्ह्यातले म्हणून सगळ्यांना एका ताटात जेवायला बसवण्यासारखं आहे.

पुढे मोठे झाल्यावर ओळख पटली. सहा यलो लॅब, सात पीकॉक, पाच झेब्रा, तीन ऑराटस आणि एक लिव्हिंगस्टोनी.

पहिले तीन महिने स्वर्ग होता. ऑराटस लहानपणी सोन्यासारखा पिवळा आणि अंगावर काळे पट्टे, बघत राहावा असा. दिवाळीनंतर त्यातल्या एकाचा रंग फिरायला लागला. पोट काळं पडलं, पिवळ्याची जागा गडद तपकिरीने घेतली. ऑराटसचा नर वयात आला की असाच रंग पालटतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका सकाळी लाइट लावली तर सगळ्यात मोठा निळा पीकॉक वरच्या कोपऱ्यात, हीटर आणि काच यांच्यामध्ये उभा अडकल्यासारखा थांबलेला. शेपटी फाटून दोऱ्यांसारखी झालेली, एका बाजूचे खवले गेलेले, त्या जागी पांढरं मांस. कल्ले जोरजोरात चालले होते. आणि खाली चार फूट जागेवर तो ऑराटस एकटा फिरत होता. बाकीचे मासे उरलेल्या दोन फुटांत दाटीने उभे. पीकॉकला वेगळ्या टबात मिठाच्या पाण्यात ठेवलं, पण तिसऱ्या दिवशी तो गेला. त्या पंधरवड्यात अजून दोन पीकॉक तसेच गेले. मी दगड हलवून बघितले, लाइट कमी करून बघितली. चार दिवस शांतता, की परत तेच. शेवटी तिन्ही ऑराटस दिले. तो मासा वाईट नाही, त्याच्यासारख्याच तिखट जातींमध्ये तो शोभतो. पीकॉकसारख्या सौम्य माशाबरोबर त्याला ठेवणं हा पीकॉकवर अन्याय आहे.

लिव्हिंगस्टोनीचा किस्सा वेगळाच. पांढुरक्या अंगावर तपकिरी धब्बे, दिसायला राजबिंडा. एके दिवशी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला, हालचाल नाही. मेला म्हणून मी जाळी आणायला वळलो, तेवढ्यात एक छोटा यलो लॅब त्याच्याजवळ काय आहे ते बघायला गेला. 'मेलेला' मासा ताडकन उठला आणि लॅब तोंडात. अर्धी शेपटी बाहेर दिसत होती, दोन हिसक्यांत तीही गेली. मलावीत त्याला कालिगोनो, म्हणजे झोपणारा, म्हणतात. मेल्याचं सोंग घेऊन शिकार करणं हीच त्याची रीत. वाढतो दहा इंचांपर्यंत. त्यालाही देऊन टाकलं. चूक माझी होती, दोन इंची असताना मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं. दुकानात मासा घेताना तो आज किती आहे हे न बघता पूर्ण वाढल्यावर किती होणार आणि तोंड केवढं, हे विचारावं. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो आज ना उद्या जातोच.

आणि मग तिसरी चूक. या सगळ्या अनुभवातला सगळ्यात मोठा धडा मला तिने दिला. पीकॉकचे रंग खुलावेत म्हणून मी रोज सुकवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) टाकायला लागलो. पीकॉक खूश. पण झेब्रा हा खडकावरचा मासा. मलावीत या गटाला म्बुना म्हणतात. तो दिवसभर शेवाळ खरवडून खातो, त्याचं आतडं लांब असतं, जड मांसाहार त्याला झेपत नाही. तीन आठवड्यांत दोन झेब्रांचं पोट फुगलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबायला लागली, खाणं बंद. औषध दिलं, पाणी बदललं, पण दोघे वाचले नाहीत. या आजाराला मलावी ब्लोट म्हणतात. ताण आणि न मानवणारं खाणं ही त्याची कारणं या छंदातले जुने लोक सांगतात, आणि माझ्या टाकीत तेव्हा दोन्ही होती. झेब्रांना मानवेल असं नुसतं स्पिरुलिना (शेवाळासारखं वनस्पतीजन्य खाणं) दिलं तर पीकॉक सुकणार, पीकॉकना मानवेल ते दिलं तर झेब्रा मरणार. एका टाकीत दोन चुली चालवता येत नाहीत. उरलेले तीन झेब्रा एका ओळखीच्यांना दिले. त्यांच्याकडे फक्त म्बुना आहेत आणि तिथे ते आजही मजेत आहेत.

तेव्हापासून मी मासा निवडताना आधी त्याचं पोट बघतो, मग स्वभाव, मग आकार आणि शेवटी रंग. खासबागेत कुस्ती लावताना वजन आणि तयारी बघून जोड लावतात, लंगोटाचा रंग बघून नाही. इथेही तसंच.

आता आत कोण आहेत ते सांगतो. नऊ यलो लॅब. हाही नावाने म्बुनाच, पण तळ्यात तो जास्त करून किडे आणि छोटे जीव टिपून खातो, स्वभावाने मवाळ, आणि चार इंचांच्या पुढे फारसा जात नाही. म्हणून तो पीकॉकबरोबर एका ताटात बसतो. आफ्रिकन सिक्लिडची सुरुवात करणाऱ्याने डोळे झाकून घ्यावा असा हा एकच मासा, हे मी आता छातीठोक सांगेन.

सात पीकॉक, सगळे नर आणि सगळे वेगळ्या रंगाचे. जुन्यांपैकी दोन माद्या निघाल्या, त्या मी दिल्या. मादी आत असली की नर एकमेकांना फाडतात. शिवाय वेगवेगळ्या पीकॉकच्या माद्या दिसायला जवळपास सारख्याच राखाडी, त्यामुळे पिल्लं भलत्याच मिश्रणाची होतात. नुसते नर ठेवले, पण एकसारखे दिसणारे दोन ठेवले नाहीत, तर कुरबुरीवर भागतं. अजून एक गोष्ट. दोन इंची पीकॉक पूर्ण रंगात दिसला तर घेऊ नका. नर साधारण तीन इंचांपुढे हळूहळू रंगतो. हार्मोन देऊन रंगवलेली पिल्लंही बाजारात येतात. माझ्याकडे असा एक आला आणि दोन महिन्यांत फिका पडला.

पाच ब्लू डॉल्फिन. मला सगळ्यात प्रिय हेच. कपाळावर उंचवटा, अंग आकाशासारखं निळं, आणि नर-मादी दोघंही निळे. तळ्यात हा मासा वाळू उकरणाऱ्या मोठ्या माशांच्या मागे मागे फिरतो आणि उडालेल्या वाळूतलं खाणं टिपतो. माझ्या टाकीत ते काम मी करतो. रविवारी पाइपने वाळू साफ करायला हात घातला की पाचही जण हाताच्या मागे रांगेत उभे राहतात. हात डावीकडे गेला की सगळी रांग डावीकडे. वाढतात आठ इंचांपर्यंत, त्यामुळे चार फुटी टाकीत ठेवू नयेत.

तळाला तीन कुकू कॅटफिश. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा हा मासा तोंडात अंडी सांभाळणाऱ्या सिक्लिडच्या अंड्यांत आपली अंडी मिसळतो. माझ्याकडे अजून तसं झालेलं नाही.

तोंडात अंडी सांभाळण्याचं मात्र घरात बघितलं. एप्रिलमध्ये आई टाकीसमोर बसून शेंगा निवडत होती. म्हणाली, "अरे, या पिवळीचं तोंड सुजलंय का? चघळल्यासारखं करतीय, पण खाईना." बघतो तर यलो लॅबची मादी, हनुवटीखाली पिशवीसारखा फुगवटा, आणि तोंड बारीक बारीक हलवतीय. अंडी तोंडात फिरवत होती. साधारण तीन आठवडे ती काही खात नाही. आई रोज सकाळी देवपूजा झाली की आधी तिच्याकडे बघायची. "एवढा उपवास कुणाला जमंल?" म्हणायची. बाविसाव्या दिवशी दगडांच्या फटीत नखाएवढी पिवळी पिल्लं दिसली. पाच वाचली, बाकीची टाकीतच गेली.

पाण्याबद्दल थोडं. मलावीचं पाणी अल्कधर्मी, पीएच ७.७ ते ८.६. माझ्या नळाचं पाणी मोजलं तर ७.४ च्या आसपास येतं, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याला तुरटी जास्त लागते तेव्हा अजून खाली उतरतं. घरच्या बोअरचं पाणी मात्र जड आहे, पीएच ८. भांड्यांवर, नळावर पांढरा थर धरतं म्हणून आपण बोअरला नावं ठेवतो, पण या माशांना तेच हवं. मी निम्मं निम्मं मिसळतो, नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरिन घालतो आणि पीएच खाली उतरू नये म्हणून सम्पमध्ये ठेचलेल्या पोवळ्याची एक पिशवी ठेवलीय. आठवड्याला ३० टक्के पाणी बदल, कधी चुकवला नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराचं नळाचं पाणी काही दिवस बंद होतं, ते विसरलेलो नाही. म्हणून पावसाळाभर २०० लिटरची दोन बॅरल भरून असतात आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर आहे. थंडीत पहाटेचा पारा उतरतो तेव्हा ३०० वॉटचे दोन हीटर पाणी २६ अंशांवर धरून ठेवतात.

मामेभाऊ त्याचा नऊ इंची ऑस्कर माझ्याकडे ठेवायला आला होता. "टाकी एवढी मोठी हाय, एका कोपऱ्यात राहील की." ऑस्कर ॲमेझॉनकडचा, त्याला मऊ पाणी मानवतं, आणि एक फूट वाढणाऱ्या त्या तोंडाला माझे यलो लॅब म्हणजे नाश्ता. नाही म्हणताना वाईट वाटलं, पण नाहीच म्हणालो. फ्लॉवरहॉर्न या संकरित सिक्लिडचंही तेच. तो एकटाच ठेवायचा मासा आहे.

आणि एक कळकळीची विनंती. मासा सांभाळायला जड झाला म्हणून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. बाजारात आपण घेतो ती चिलापी हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच आहे, आणि तिने देशभरातल्या तळ्यांत कसा जम बसवलाय हे आपण बघतोच आहोत. दुकानदार परत घेतो, नाहीतर कुणीतरी ठेवणारा मिळतो. माझ्या नऊपैकी नऊ माशांना घर मिळालं, फार फार तर दोन आठवडे लागले.

सध्या एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवून आहे. लाल पीकॉक आता पाच इंचांचा झालाय आणि गेल्या आठवड्यापासून उजवीकडचा मोठा दगड त्याने आपला धरलाय. नारिंगी पीकॉक तिकडे फिरकला की पर ताठ करून आडवा होतो. अजून कुणाची शेपटी फाटलेली नाही. रविवारी पाणी बदलताना तो दगड मधोमध आणून ठेवणार आहे. तेवढ्याने भागलं नाही तर दोघांतला एक ओळखीच्यांकडे जाईल, टब धुऊन तयार ठेवलाय.