रोह्यासाठी (नीलगाईसाठी) लेझर की झटका मशीन?
3 एकर तूर-हरभरा, रात्री रोही अन् रानडुकरं, म्हणून आम्ही दोन्ही लावून पाह्यलं. लेझरचं कसं, एका खांबावर किरण सोडणारा डबा, समोरच्या खांबावर पकडणारा, मधून कोणी गेलं की हूटर बोंबलते. ऐकायला मस्त. पण किरण सरळच जाते अन् आपला धुरा (बांध) वाकडातिकडा, म्हणजे प्रत्येक वळणावर नवी जोडी, त्यात वाऱ्यानं खांब जरा हलला की निशाणा चुकला, तुरीची फांदी आडवी आली की रात्रभर कोकलणं. एका रात्री 11 वेळा उठलो, 11 ही वेळा शेजाऱ्याचं कुत्रं! अन् डुकरं तर आठ-दहा दिवसांत त्या आवाजाले सरावली बी.

झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत करंटचे झटके सोडणारा डबा, त्याले 12 व्होल्टची बॅटरी अन् सोलर प्लेट. तारेत साधारण सेकंदाला एक झटका, व्होल्टेज हजारात पण क्षणभरच, म्हणून जनावर दचकून मागं फिरते, मरत नाई. (घरची लाइन डायरेक्ट तारेत सोडू नका बाप्पा, गुन्हा आहे तो, माणसं मेलीत त्यात.) कटकट एकच, गवत तारेले टेकलं की झटका जमिनीत उतरते, पावसाळ्यात विळा हातातच.

लेझर काढून मोटारीच्या खोलीच्या दाराले लावलं, केबलचोरासाठी. तिथं अंतर चार फूट, बरं चालते.