सर्व्हर उत्तम, पण नाव नोंदवताना रुपे कार्डाची अडवणूक

साताऱ्यात आमचे जुन्या पुस्तकांचे छोटे दुकान आहे. दुकानातील सुमारे नऊ हजार पुस्तकांची यादी ग्राहकांना घरबसल्या पाहता यावी, यासाठी एका परदेशी कंपनीचा लहान सर्व्हर महिन्याला पाच डॉलर भाड्याने घ्यायचे ठरवले. यादीचा प्रोग्राम माझ्या पुतण्याने लिहिला आहे आणि याच कंपनीच्या सर्व्हरवर काम करण्याची त्याला सवय असल्यामुळे दुसरीकडे पाहण्याचा प्रश्न आला नाही. गेले चार महिने आम्ही ही सेवा वापरत आहोत. सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही, यादी झटपट उघडते आणि कंपनीने लिहिलेले मदतीचे लेख इतके नेटके आहेत की माझ्यासारख्या माणसालाही बॅकअप कसा घ्यायचा हे समजले. तरीही या सेवेला मी पाचपैकी तीनच तारे देत आहे. याचे कारण खाते उघडतानाच्या पाच दिवसांत आहे.

आमचे चालू खाते नागरी सहकारी बँकेत आहे आणि बँकेने दिलेले डेबिट कार्ड रुपेचे आहे. या कार्डावर विजेचे बिल भरले जाते, रेल्वेचे तिकीट निघते, प्रकाशकांचे पैसेही जातात. त्यामुळे नाव, पत्ता, पिन कोड असा सगळा तपशील भरून झाल्यावर कार्डाचा रकाना आला, तेव्हा मी निःशंक मनाने आकडे टाकले. त्या रकान्याच्या उजव्या कोपऱ्यात कार्डाचे एक करड्या रंगाचे कोरे चित्र होते. सोळा आकडे पूर्ण झाले तरी ते कोरेच राहिले. पुढे पुतण्याचे व्हिसा कार्ड भरताना मात्र पहिलाच आकडा पडताच तेथे व्हिसाचे बोधचिन्ह उमटले. म्हणजे कार्ड कोणत्या जाळ्याचे आहे हे त्या पानाला सुरुवातीच्या आकड्यांवरूनच कळते. माझे कार्ड चालणार नाही, हे त्याच क्षणी सांगता आले असते. त्याऐवजी मुदत आणि मागचा तीन आकडी क्रमांकही माझ्याकडून घेतला आणि मग लाल अक्षरांत एकच ओळ आली, तिचा अर्थ असा की तुमचे कार्ड स्वीकारता आले नाही, दुसरी पद्धत वापरा.

आकडा चुकला असेल असे समजून मी तेच कार्ड आणखी दोन वेळा भरले. तिसऱ्या वेळी खातेच चोवीस तासांसाठी गोठवले गेले, आणि कारण काय दिले, तर संशयास्पद हालचाल. चाळीस वर्षे व्यवहार सचोटीने केलेल्या माणसाला हा शब्द लागतो. दुसऱ्या दिवशी मोबाइल वॉलेटबरोबर मिळालेले प्रीपेड कार्ड वापरून पाहिले, तेही त्याच ओळीसह परत आले.

कंपनीला मदतीसाठी पत्र लिहिले. पहिले उत्तर दोन दिवसांनी आले आणि त्यात सुरक्षेच्या कारणास्तव नकाराचे कारण सांगता येत नाही एवढेच होते. मी पुन्हा लिहून कार्ड रुपेचे असल्याचे कळवले, तेव्हा कोठे खुलासा झाला की ही कंपनी व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस एवढीच कार्डे घेते, आणि त्यांतलीही प्रीपेड कार्डे घेत नाही. ही माहिती त्यांच्या मदत विभागात एका लेखाच्या तळाशी आहे. नोंदणीच्या पानावर तिचा मागमूस नाही.

प्रीपेड कार्ड नाकारण्यामागचे कारण मला पटते. अशा कार्डावर नवनवीन खाती उघडून मोफत चाचणीचा लाभ पुन्हा पुन्हा उकळणारे आणि त्याच सर्व्हरवरून नको ते उद्योग करणारे लोक असतात, महिन्याअखेरीस कार्ड रिकामे असते आणि कंपनीचे पैसे बुडतात. रुपेचे तसे नाही. रुपे हे २०१२ साली सुरू झालेले आपल्याच राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचे जाळे आहे आणि महाराष्ट्रातील सहकारी बँकांचे असंख्य खातेदार फक्त हेच कार्ड बाळगून आहेत. त्याचे साधे देशांतर्गत कार्ड परदेशी व्यापाऱ्याकडे चालत नाही, आंतरराष्ट्रीय वापराचे कार्ड वेगळे असते आणि ते डिस्कव्हर, डायनर्स किंवा जेसीबी या परदेशी कार्ड कंपन्यांच्या जाळ्यावरून जाते. ही तांत्रिक मर्यादा मला मान्य आहे. मात्र भारतीय ग्राहक हवे असतील, देशांच्या यादीत भारत ठेवला असेल, तर यूपीआयची सोय करायला काय हरकत आहे? यूपीआयवर दरमहा आपोआप पैसे वळते करण्याची सोय जुलै २०२० पासून आहे. ॲपलने २०२२ मध्ये भारतातील खात्यांसाठी कार्डे घेणे थांबवले, तेव्हाही यूपीआय आणि नेटबँकिंग हे मार्ग ग्राहकाला खुले ठेवले होते.

शेवटी पुतण्याचे व्हिसा डेबिट कार्ड वापरायचे ठरले, आणि तेही पहिल्या फटक्यात नाकारले गेले. या वेळचा दोष कंपनीचा नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवर चालते, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात. त्याने बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहाराचे बटण चालू केले, मर्यादा दोन हजार रुपयांची ठेवली, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी पडताळणीची किरकोळ रक्कम वजा झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर येऊन खाते एकदाचे उघडले. ती रक्कम आठवड्याभरात परत जमा झाली.

ज्यांच्याकडे व्हिसा किंवा मास्टरकार्ड आहे, त्यांनीही नोंदणीला बसण्यापूर्वी हे बटण पाहून घ्यावे आणि कार्ड नाकारले गेल्यास तेच कार्ड पुन्हा पुन्हा भरू नये, म्हणजे माझ्यासारखे खाते गोठणार नाही. ज्यांच्याकडे फक्त रुपे आहे, त्यांनी सर्व्हर भारतीय कंपनीचा घ्यावा. तेथे रुपे आणि यूपीआय दोन्ही सहसा चालतात.

आमच्यापुरता प्रश्न अजून सुटलेला नाही. बिल दुकानाच्या नावाने येते आणि पैसे पुतण्याच्या पगाराच्या खात्यातून जातात, त्यामुळे दर महिन्याला मी त्याला तेवढी रक्कम यूपीआयने पाठवतो आणि बिलाच्या छापील प्रतीमागे त्या व्यवहाराचा क्रमांक हाताने लिहून फाइलला लावतो, कारण आमच्या कर सल्लागारांनी तसे बजावले आहे. पैसे वळते होण्याच्या चोवीस तास आधी येणारी बँकेची सूचनाही त्याच्याच फोनवर जाते. मागच्या महिन्यात तो दौऱ्यावर होता, खात्यात शिल्लक कमी होती आणि ती सूचना त्याने पाहिली नाही. सुदैवाने कंपनीने सर्व्हर लगेच बंद न करता सात दिवसांची सवलत दिली, आणि तीन ताऱ्यांतला एक तारा त्या सवलतीचा आहे.