मागचं हब: कोन-छर्रे बदलावेत की अख्खं हब?

शेजारचे काका त्यांच्या जुन्या काळ्या सायकलसाठी याच पेचात आहेत; मागचं चाक करकरतंय. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्यातल्या वाटीत, म्हणजे कपात, छर्रे फिरतात आणि एक्सलवरचे (मधल्या दांड्यावरचे) कोन त्यांना जागेवर धरतात.

काका, आधी फ्रीव्हीलकडचा, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राच्या बाजूचा, कप बघा. ग्रीस पुसून आत नख फिरवा. नख अडकलं की नवे छर्रे घालूनही करकर परत येणार. गुळगुळीत लागलं तर एक्सल, 2 कोन आणि पाव इंची 18 छर्रे एवढ्यात भागतं. खर्च किरकोळ. कोन मात्र जुन्याच आट्यांचे घ्या.

हब बदलायचं म्हणजे 40 तारा उसवून परत विणणं, शिवाय आऊट काढणं, म्हणजे चाकाचा डगमग घालवून ते सरळ करणं. मजुरी आलीच. टिकतं जास्त, हे खरं.

कोल्हापुरात रंकाळा तलावापर्यंत फेरी मारणाऱ्याला कोन-छर्रे बास. रोज शहराबाहेर गोकुळ शिरगाव गाठणाऱ्यानं, कप खराब असेल तर, नवं हबच बसवावं. रिमही गंजली असेल तर सरळ तयार चाक घ्या की!