पंचवटीतला वाडा घ्यावा की डहाणूचा समुद्रकाठचा बंगला?

जुनी वास्तू सावरून तिथे पाहुणे उतरवायचे, असं नाशिककराच्या मनात आलं की दोन पर्याय पुढे येतात. एक पंचवटी किंवा जुन्या नाशकातला वाडा, दुसरा जव्हारमार्गे गाठता येणारा डहाणू-बोर्डीकडचा पारशी-इराणी वळणाचा बंगला. भाव आणि खोल्या सगळेच मोजतात. आधी पाहायचं ते पाणी. वाड्यात ते पुराच्या दिवशी खालून चढतं, बंगल्याला खारं वारं बारा महिने लागतं. दुरुस्तीचा सगळा हिशेब यावर फिरतो.

वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं. पुराने त्याला फारसं काही होत नाही. मार खातं ते सागवान, आणि तेही ठरलेल्या दोन जागी: खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर टेकतो तिथे, आणि तुळईचं, म्हणजे आडव्या लाकडाचं टोक भिंतीत शिरतं तिथे. व्यवहाराआधी सुताराला टोकदार पेचकसाने या जागा टोचायला लावा. अर्धा इंच सहज आत गेला तर वरचं ओझं जॅकवर घेऊन सडका भाग कापायचा आणि जुन्या सागाचा तुकडा सांधायचा. अख्खा खांब बदलण्याची घाई कंत्राटदाराला असते, वाड्याला नसते. वाळवीला नुसतं औषध मारून भागत नाही, ओल तोडावी लागते.

ओल बहुधा सिमेंटने कोंडलेली असते. विटा-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतलं पाणी बाहेर पडत नाही. गिलावा फुगतो आणि तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. तो सगळा खरवडून चुन्याचाच करावा. कळीचा चुना टाकीत किमान तीन आठवडे विरवायचा. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून. थर १० ते १२ मिलिमीटरचा, आणि दहा दिवस ओलं गोणपाट. नाशकात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावं. एप्रिलच्या उन्हात चुना मुरण्याआधीच सुकतो आणि हात लावला की भुगा पडतो.

बंगल्यालाही गिलावा चुन्याचाच, पण आधी भिंतीतलं मीठ काढायला हवं. लोणा लागलेल्या, म्हणजे मीठ फुटून आलेल्या भिंतीवर गोड्या पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा थापायचा, पूर्ण वाळला की काढायचा, असं दोन-तीनदा. नुसता रंग दिला तर तो पोपड्यांनी गळतो.

खरी डोकेदुखी मागाहून जोडलेला आरसीसी पोर्च किंवा स्लॅब. खाऱ्या हवेतलं क्लोराइड सळईपर्यंत पोचतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फुटतं. वरून लिंपण हा निव्वळ पैशाचा अपव्यय. सळईच्या मागपर्यंत फोडून ती चकाकेपर्यंत घासावी लागते, फार झिजलेली असेल तर जोडीला नवी टाकावी लागते. बिजागऱ्या पितळेच्या, नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. ३०४ला समुद्राकाठी तांबडे डाग पडतात. एसीची बाहेरची युनिटं तर खर्चाच्या वहीत कायमची धरून ठेवा.

नियमांचा काच दोन्हीकडे आहे. नाशकात निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. २००८, २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारापर्यंत गोदावरीचं पाणी आलं होतं, म्हणून तळमजल्यावर खोल्या, मीटर किंवा स्वयंपाकघर नकोच. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, वर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट वस्तीत ५० मीटर ना-विकास क्षेत्र. असलेल्या घराची दुरुस्ती जमू शकते, वाढीव खोल्यांवर गणित मांडलं की फसलात.

आठवड्याला स्वतः कामावर उभं राहता येत असेल तर वाडाच घ्या. गाडी दारात येत नाही, राडारोडा हातगाडीने काढावा लागतो, पण लक्ष राहतं. बंगल्यावर कायम राहणारा जाणता माणूस नसेल तर दोन पावसाळ्यांत केलेलं काम धुऊन निघतं. २०२७च्या सिंहस्थाची गर्दी मात्र वाड्याच्या उत्पन्नात धरू नका, ती बारा वर्षांनी येते.

आणि स्वस्तात मिळणाऱ्या वाड्याची मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीच्या नोंदीचा उतारा, आधी वाचा. दहा वारस आणि तीन जुने भाडेकरू निघाले, तर खांब टोचून पाहण्याचीही गरज उरत नाही.